लिंबू, हळद, जवस आणि बिब्बा: घरच्या वस्तू त्वचेचं काय करतात

२०२३ साली अकोल्यातून एक बातमी आली. एकाच घरातल्या तिघी जणी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. तपासात त्या क्रीममध्ये पारा निघाला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण सापडले. अशी बातमी वाचली की माणूस दुकानातला डबा बाजूला सारतो आणि स्वयंपाकघराकडे वळतो. वळावंच. पण तिथंही मोबाइल आधीच येऊन बसलेला असतो: लिंबू आणि खाण्याचा सोडा लावा, सात दिवसांत चेहरा उजळवा. हा सल्ला पाऱ्याइतका घातक नसला तरी कातडं सोलून काढायला पुरेसा आहे.

घरच्या वस्तू त्वचेसाठी तीनच कामं नीट करतात: हलक्या हातानं मळ काढणं, आतला ओलावा आत ठेवणं आणि घासण्या-पोळण्यापासून आड करणं. रंग बदलणं, डाग उडवणं, रोग बरा करणं ही कामं त्यांच्यावर लादली की इजा व्हायला लागते. कोणती वस्तू कोणत्या कामाची, किती घ्यायची आणि कुठं बिघडतं, ते पुढं पाहू.

### त्वचेचा वरचा थर कसा असतो

कवेलूचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. एकावर एक चढवलेली कवेलं, फटीतून पाणी आत येत नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर असाच, मेलेल्या चपट्या पेशी एकमेकींवर रचून झालेला असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, टाचेवर त्याच्या कितीतरी पट. पेशींच्या मधल्या फटी शरीर स्वतःच तयार केलेल्या स्निग्ध पदार्थानं बुजवतं. तो शाबूत असेल तर आतलं पाणी उडत नाही आणि बाहेरची धूळ, जंतू, औषधं आत शिरत नाहीत.

घासून घासून पेशी उपटल्या किंवा साबण-सोड्यानं मधला स्निग्ध पदार्थ धुऊन काढला की छप्पर गळायला लागतं. त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढरी पापडी सुटते, घाम लागला तरी चुरचुरतं. विदर्भात हे लवकर होतं, कारण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवेत ओल जवळपास नसते, आणि डिसेंबरातली हवा थंड असली तरी कोरडीच असते. दोन्ही ऋतू त्वचेतलं पाणी ओढून घेतात.

तरुणपणी हा थर खालून वर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. त्यामुळे सात दिवसांत काही "उजळत" असेल तर एक तर वरचा थर खरवडला गेलाय किंवा डब्यात काहीतरी वेगळं आहे.

### सामू: माती परीक्षणातला शब्द इथंही लागतो

शेताच्या माती परीक्षणाच्या अहवालात "सामू" लिहिलेला असतो. पदार्थ किती आंबट आणि किती खारट-सोडामिश्रित, याचं ते माप. ७ म्हणजे मधोमध, खाली आंबट, वर अल्कधर्मी म्हणजे सोड्याच्या बाजूचं. निरोगी त्वचेचा सामू ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती थोडी आंबट असते. फटी बुजवणारा पदार्थ याच आंबटपणात नीट तयार होतो आणि त्रासदायक जंतूही याच आंबटपणात कमी वाढतात.

अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १०. खाण्याच्या सोड्याचा ८ च्या वर. लिंबाच्या रसाचा जेमतेम २ ते अडीच. सामूच्या मापात एक अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पट आंबट ठरतं. दह्याचा सामू साडेचारच्या आसपास, त्वचेच्या अगदी शेजारचा. म्हणून दही सोसतं आणि लिंबू सोसत नाही. "दोन्ही आंबटच" म्हणून एकाच्या जागी दुसरं घालू नका.

### लिंबू चेहऱ्यावर का नको

आंबटपणा हा पहिला दोष, उन्हाचा दोष त्याहून मोठा. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडलं की तिथं भाजल्यासारखी इजा होते. लगेच काही दिसत नाही, म्हणून कुणाला लिंबाचा संशय येत नाही. दुसऱ्या दिवशी लाली, दोन-तीन दिवसांनी फोड, आणि फोड बसल्यावर तपकिरी डाग. तो डाग काही आठवडे, कधी काही महिने राहतो. रस ओघळला त्या वाटेनं लांब पट्टा उमटतो. डाग घालवायला लावलेल्या लिंबानं नवा डाग पडतो, आणि मग तोही घालवायला पुन्हा लिंबू लावलं जातं.

ग्लिसरीन, गुलाबजल आणि लिंबू ही बाटली घरोघरी असते. तिच्यातून लिंबू तेवढं वगळा, बाकी दोन्ही कामाचे आहेत. फक्त ग्लिसरीन तसंच लावू नका. ते पाणी ओढणारं आहे, आणि हवा कोरडी असली की बाहेरून पाणी मिळत नाही म्हणून त्वचेच्या आतलंच ओढतं. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी किंवा गुलाबजल, तेही ओलसर अंगावर, आणि वरून तेलाचा पातळ हात. तेल नसेल तर ग्लिसरीनचा फायदा कमी टिकतो.

### रोजची धुलाई: बेसन, आणि खारपाणपट्ट्याचा प्रश्न

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस धड येत नाही. साबण आणि पाण्यातले क्षार यांचा चिकट पांढरट साका होतो, तो बादलीच्या कडेला दिसतो तसाच अंगावरही बसतो आणि खाजवतो. अंग स्वच्छ झालं नाही असं वाटून माणूस आणखी साबण घासतो, आणि त्वचा आणखी कोरडी पडते.

इथं बेसन खरोखर उपयोगी आहे, कारण त्याचा साका होत नाही. ते तेलकटपणा शोषून घेतं आणि पाण्यासोबत निघून जातं. चेहऱ्यासाठी दोन चहाचे चमचे हरभरा डाळीचं पीठ, वस्त्रगाळ केलेलं. भज्यांचं जाडसर बेसन चेहऱ्यावर खरडतं, म्हणून सुती कापडातून गाळून घ्या. उन्हाळ्यात ते एक चमचा दही आणि लागेल तेवढ्या पाण्यात कालवा. थंडीत दह्याऐवजी एक चमचा साय घ्या. हातावर पातळ पसरेल एवढं सैल ठेवा, बोटांच्या पोटांनी अर्धा मिनिट फिरवा आणि धुवा.

लेप वाळू देऊ नका. वाळलेलं पीठ त्वचेला ओढतं आणि ते काढायला जोर लावून घासावं लागतं. त्या घासण्यानंच गाल लाल होतात, लोक मात्र "बेसन सोसलं नाही" म्हणतात. मुलतानी मातीचंही तेच. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा आठ-दहा मिनिटं, कडा पांढऱ्या व्हायला लागल्या की लगेच ओल्या हातानं काढायची. कोरड्या त्वचेला आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुणालाच नको.

वावरातली काळी माती वापरली तर चालेल का? तिच्यात आणि मुलतानी मातीत चिकणमातीचं घराणं एकच आहे, म्हणून ती ओली झाली की फुगते आणि वाळली की फाटते. पण वावरात फवारणीचे अंश असतात, शेणखत असतं, धनुर्वाताचे जंतू असतात. चेहऱ्यावर फुटकुळी असेल तर ते सरळ आत जातात. काळी माती वावरातच राहू द्या.

काखा, जांघा, तळपाय आणि वावरातून आल्यावर हात यांना साबण लागतोच. फवारणी केलेल्या अंगाला तर साबण आणि भरपूर पाणीच हवं, तिथं बेसन पुरत नाही.

### उटणं, हळद आणि संत्र्याची साल

दिवाळीचं उटणं घरी करणारे बावची घालतात. बावचीत सोरालेन असतं, आणि ते उन्हात काम करणारं औषधी द्रव्य आहे. कोडावरच्या उपचारात वैद्यकीय देखरेखीखाली त्याचा वापर होतो तो याच गुणासाठी. पहाटे उटणं लावून, नीट न धुता दुपारी उन्हात फिरलं तर लाली, फोड, काळे डाग येऊ शकतात. घरच्या उटण्यातून बावची काढून टाका. वाळा, नागरमोथा, चंदन, गुलाबपाकळ्या, मसूर डाळीचं पीठ एवढ्यावर उत्तम उटणं होतं. प्रमाण साधं ठेवा: चार भाग मसूर पीठ, एक भाग वाळा-नागरमोथा मिळून, अर्धा भाग गुलाबपाकळ्या, चंदन चिमूटभर. सगळं वेगवेगळं वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून मगच एकत्र करा. वाळ्याच्या मुळीचे तंतू राहिले तर अंगावर ओरखडे उठतात.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून पाण्यातली हळद वरवर पिवळं करते, फार काही नाही. दोन चमचे पिठाला चिमूटभर पुरे. चमचाभर घातली तर चेहरा दोन दिवस पिवळा राहतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कर्क्युमिन जास्त असल्यानं चिमूट आणखी लहान घ्या. हळद बहुतेकांना सोसते, पण काही जणांना तिची खरी ॲलर्जी असते.

विकतच्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद न ढवळता टाका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर ती हळद ना भाजीत घाला ना चेहऱ्यावर. याहून चांगला उपाय म्हणजे हळकुंड आणून घरी दळणं.

नागपूर-वरुड-मोर्शीच्या भागात संत्र्याची साल फुकट मिळते आणि तिची पूड उटण्यात जाते. सालीवर फवारणीचे अंश बसलेले असतात, बाजारातल्या चकचकीत फळावर मेणाचा थरही असतो. त्यामुळे फवारा न मारलेल्या घरच्या झाडाचीच साल घ्या. ती कोमट पाण्यात चोळून धुवा, सावलीत कडक वाळवा आणि पूड दोन महिन्यांत संपवा. सालीतलं सुगंधी तेल हवेनं जुनं झालं की खाज आणतं, म्हणून मागच्या वर्षीची पूड वापरू नका.

### तेल कोणतं लावायचं

विदर्भात घाण्यावर जवस, करडी, तीळ, शेंगदाणा सगळं निघतं, शिवाय गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या बियांचं तेल. खायला सगळी चांगली असली तरी त्वचेवर प्रत्येकाचं वागणं निराळं.

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं. पोटात ते गुणकारी, त्वचेवर अडचणीचं, कारण हवा लागताच ते वेगानं खवट होतं आणि वाळून त्याची कडक पापडी बनते. याच गुणामुळे जवसाचं तेल लाकडाला आणि चित्रांच्या रंगाला वापरतात. अंगाला लावलं तर चिकट होतं, वास येतो, कपड्यांना पिवळे डाग पडतात. जवसाची चटणी भाकरीसोबत खा, तेल अंगाला लावू नका.

करडीचं तेल मात्र आपल्या भागातली दुर्लक्षित देणगी आहे. त्यातलं जवळजवळ तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं, आणि फटी बुजवणारा पदार्थ बनवायला त्वचेला हेच लागतं. सूर्यफुलाच्या तेलातही ते भरपूर असतं. याउलट मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल वरचा थर सैल करतं असं अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून तान्ह्या बाळाच्या मालिशीला ही दोन्ही टाळा. महागडं ऑलिव्ह तेल आणून बाळाला चोळणाऱ्या घरांनी हे वाचावं अशी मनापासून इच्छा आहे, कारण घाण्यावरचं करडीचं तेल त्याहून स्वस्त आणि या कामाला जास्त योग्य आहे. ते लवकर खवट होतं, म्हणून एका वेळी पाव लिटरच काढून आणा, गडद बाटलीत, सावलीत ठेवा.

खोबरेल तेल दीर्घकाळ टिकतं आणि कोरड्या हातापायांना चांगलं. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला ते नको, छिद्रं बुजतात. मोहाचं तेल थंडीत थिजतं आणि दाट आवरण धरतं, त्यामुळे टाचांना छान. वास उग्र असतो एवढंच.

कितीही चांगलं तेल असलं तरी कोरड्या अंगावर चोळून फायदा अर्धाच होतो. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. आंघोळीनंतर अंग टिपून घ्या, पूर्ण वाळायच्या आत, दोन-तीन मिनिटांत, एक चहाचा चमचा तेल दोन्ही पायांना पुरे. आंघोळीआधी चोळून साबणानं काढून टाकलेल्या तेलापेक्षा हे चमचाभर जास्त टिकतं.

### टाचांच्या भेगा: मलम आणि बिब्बा

कापूस वेचणी, निंदण, रोवणी ही सगळी अनवाणी किंवा चपलेवरची कामं. टाचेचा जाड थर कोरडा झाला की वाकत नाही, आणि वर शरीराचा भार आला की फाटतो. भेग ही त्वचेच्या कोरडेपणाची आणि भाराची मिळून झालेली इजा आहे, म्हणून उपाय ओलावा देण्याचा आणि तो अडवण्याचा.

रात्री पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा. साबण, सोडा, लिंबू काही नको. मग वज्रीनं हलक्या हातानं, एकाच दिशेनं, वरची पांढरी मऊ झालेली कातडीच काढा. गुलाबी दिसू लागलं की थांबा. पाय टिपून, ओलसर असतानाच ग्लिसरीन-पाणी लावा, त्यावर मलम, आणि सुती मोजे. भेग रक्ताळलेली असेल तर वज्री अजिबात लावू नका, नुसतं मलम. आठ-दहा दिवसांत फरक दिसतो, भेगा भरायला तीन-चार आठवडे लागतात.

मलम घरी होतं. करडीचं किंवा खोबरेल तेल ८० ग्रॅम, मधमाशीचं मेण २० ग्रॅम. हे हिवाळ्याचं प्रमाण. एप्रिल-मे महिन्यात डबी वितळून वाहते, तेव्हा तेल ७५ आणि मेण २५ घ्या. मेणाचे सुपारीएवढे तुकडे करा. पातेल्यात पाणी गरम करून त्यात कोरडी स्टीलची वाटी ठेवा, तेल आणि मेण घाला. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी उकळायची गरज नाही. वाटी थेट गॅसवर ठेवली तर तेल जळकट होतं. एकजीव झालं की चमचाभर थंड ताटलीवर टाका. बोटानं दाबल्यावर खळगा पडून राहिला तर बरोबर. दगडासारखं झालं तर चमचाभर तेल वाढवा. फार सैल असेल तर थोडं मेण. उतरवून दोन मिनिटं ढवळा, स्वच्छ कोरड्या डबीत ओता. फार हळू निवलं तर रवाळ होतं, तशानं गुण जात नाही.

पोळ्यापासून मेण काढत असाल तर मध गाळल्यावर पोळं पाण्यात उकळा, जाड कापडातून गाळा, थंड होऊ द्या. वर तरंगणारी चकती काढून तिचं खालचं काळं खरवडा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. पाण्याचा थेंब राहिला तर मलमाला बुरशी येते. मेणबत्ती वितळवू नका, तिच्यात रंग आणि सुगंध असतात. मेण मिळालं नाही तर मेडिकलमधली साधी व्हॅसलीन याच कामाला तितकीच चांगली आहे. ती "केमिकल" म्हणून टाळण्याचं कारण नाही.

आता बिब्ब्याचं. भेगेत, काटा मोडलेल्या जागी, चिखल्यांवर बिब्बा तापवून टेकवण्याची पद्धत अजून आहे. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल आंब्याच्या चिकासारखं, पण त्याहून कितीतरी तीव्र असतं. ते लागलं की कातडी भाजते, आणि ज्याला एकदा सोसलं त्यालाही पुढच्या खेपेला उतू शकतं. अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, पाणीदार फोड. कधी फक्त धूर लागूनही. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात काळे पडतात, उततात, ते यामुळेच. भेगेची कड जळून कडक होते, दुखायचं थांबतं म्हणून गुण आला असं वाटतं. त्या जळलेल्या जागी पुढं आणखी खोल भेग पडते. कुणाचंही, कितीही जुनं नाव घेऊन सांगितलं तरी बिब्बा त्वचेवर लावू नये. लागलाच तर न चोळता भरपूर साबण-पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

भंडारा-गोंदियात रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. बांधीत उतरण्याआधी बेचक्यात व्हॅसलीन किंवा मलमाचा जाड हात, वर आल्यावर स्वच्छ पाण्यानं धुऊन सुती कापडानं एकेक बोट कोरडं करणं, एवढ्यानं बरंच टळतं. पांढरं होऊन सोलवटायला लागलं, खाज सुटली तर ती बुरशी असते. तिथं तेल-मलम बंद करून क्लोट्रिमॅझोलचं मलम लावावं लागतं.

### उन्हाचं काय

उन्हापासून वाचवेल असा एकही घरगुती लेप नाही. खोबरेल, कोरफड, काकडी, चंदन यांतलं काहीही मे महिन्याच्या दुपारी भरवशाचं नाही. काम करतो तो कपडा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा उन्हातली घातक किरणं चांगली अडवतो, विरळ पांढरा कमी. दुपट्टा ओला केला की थंड वाटतं, पण ओल्या सुतातून किरणं जास्त आत येतात. ओला करायचाच तर दुहेरी घडी घ्या. अकरा ते चार वावरात असाल तर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट हे स्वस्त आणि उत्तम साधन आहे.

कोरफड उन्हानंतर शांत करते, पण पान कापल्यावर आधी येणारा पिवळा चीक खाज आणतो. पान कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक गळू द्या, हिरवी साल काढा, गर धुवा. भाजल्यावर मात्र पहिलं वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, मग बाकी सगळं. टूथपेस्ट, हळद, शाई नको.

### "आजी हेच लावायची, तिला काही झालं नाही"

आजीचं बरोबर होतं, कारण ती रोज नवं कालवायची. आज कालवून डबीत भरून महिनाभर वापरण्याची रीत व्हिडिओनं आणली. पाणी, दही, साय, कोरफड, मध-पाणी यांपैकी काहीही लेपात आलं की त्यात जंतू वाढायला लागतात; आंबट वास येईपर्यंत ते हजारो पटींनी वाढलेले असतात. पाणी असलेला लेप त्याच वेळी संपवायचा. फ्रीजमधली कोरफड दोन-तीन दिवस. कोरडी पूड तीन-चार महिने, संत्र्याच्या सालीची मात्र दोनच. नुसतं तेल-मेणाचं मलम पाच-सहा महिने, ओलं बोट न घालता.

"नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?" बिब्बा नैसर्गिकच आहे. म्हणून कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, रोज एकदा असं पाच-सात दिवस लावून बघा. ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसतेच असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुटते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठाला, टाळूला मध लावू नका. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

"मग रंग उजळायचाच नाही का?" नाही. रंग वरच्या थराखाली असलेल्या पेशी ठरवतात आणि त्या उन्हापासून तुमचं रक्षण करतात. मेडिकलमधून "गोरं होण्यासाठी" मिळणाऱ्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात, मुरुमं उसळतात. ती ट्यूब एकदम सोडली तरी चेहरा पेटतो, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच सोडावी. डब्यावर नाव-पत्ता नसेल, किंवा मर्क्युरी (म्हणजे पारा), कॅलोमेल (पाऱ्याचाच क्षार) असं लिहिलं असेल तर तो डबा कुणाच्याही हाताला लागू देऊ नका.

### जिथं घरचं काही लावू नये

मधुमेह असलेल्यांनी टाचा खरवडू नयेत, गरम पाण्यात पाय ठेवू नयेत. पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही. त्यांनी रोज पाय बघावे, मलम लावावं आणि भेग लाल किंवा ओली दिसली की त्याच दिवशी दाखवावं.

गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा म्हणजे गजकर्ण. त्याला लिंबू, लसूण, कडुनिंब लावून तो जात नाही, आणि दुकानातल्या मिश्र ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं आधी दबतो, मग पसरतो. चट्टा गेल्यासारखा दिसल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध चालू ठेवावं लागतं, आणि घरातल्या सगळ्यांचे टॉवेल-चादरी वेगळे, गरम पाण्यात धुतलेले हवेत.

आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथं खाज नसेल, घाम येत नसेल, कापसाची वात फिरवली तरी स्पर्श कळत नसेल, तर त्यावर काहीही चोळू नका. तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. पूर्व विदर्भात हा रोग अजूनही सापडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना दाखवा. औषध मोफत मिळतं, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं, आणि हातापायांच्या नसांना इजा व्हायच्या आत सुरू केलं तर बोटं वाकडी होत नाहीत.